'पोटासाठी बाटले' हे वाक्य कोणाचं?

दलित ख्रिस्ती बांधवांचा विषय निघाला की आमच्याच काही कार्यकर्त्यांच्या तोंडून पटकन निघतं, "ते तर पोटासाठी बाटले." मित्रांनो, हे वाक्य आपलं नाही. 'बाटणे' हा शब्दच सोवळ्या-ओवळ्याच्या घरातला आहे, आणि नागपूरच्या दीक्षेनंतर याच थाटाची वाक्यं आपल्या आई-बापांनीही ऐकली आहेत. म्हणून ते इतिहासावर घासून पाहिलं पाहिजे.

आधी पंडिता रमाबाईंकडे पाहू. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, मद्रास इलाख्यात भटकत असताना, त्यांचे आई-वडील आणि बहीण उपासमारीने गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. कडेवर लहान मुलगी. शास्त्रं तोंडपाठ होती, पण त्या शास्त्रांत बाईला आणि शूद्राला जागा नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी सनातन्यांनी त्यांना पुष्कळ झोडपलं, पण आज त्यांच्या धर्मांतराला काय म्हणतात? आत्मशोध. ना. वा. टिळकांच्या धर्मांतरालाही तेच. आम्हाला दोघांविषयी आदर आहे. प्रश्न एवढाच, की ब्राह्मणाच्या दुःखातून श्रद्धा उगवते आणि मांगाच्या दुःखातून फक्त भूक, हे ठरवलं कोणी?

आता त्याच मद्रास इलाख्यातलं, आजच्या आंध्रातलं ओंगोल बघा. तिथले मादिगा म्हणजे चामड्याचं काम करणारी, गावकुसाबाहेरची जात, आपल्याकडच्या मांग-चांभारांसारखी. येर्रागुंटला पेरय्या हा त्यांच्यातला कातड्याचा व्यापार करणारा माणूस. ख्रिस्ताचं नाव कानी पडण्याआधीच तो योगमार्गी पंथात साधना करत होता, शोधत होता. १८६६ मध्ये तो ख्रिस्ती झाला आणि गावोगाव आपल्याच माणसांत ती गोष्ट सांगत फिरला. म्हणजे ही हालचाल दुष्काळाच्या दहा वर्षं आधीची.

अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाव यांच्या शाळेत मादिगांची मुलं येऊ लागली तेव्हा सवर्ण मुलांनी शाळा सोडली. क्लाव यांनी मादिगा मुलांना ठेवलं. नव्या ख्रिस्त्यांसाठी त्यांचे मुख्य नियम तीन: रविवारी काम नाही, मूर्तिपूजा नाही, मेलेल्या जनावराचं मांस नाही. तिसरा नियम वाचला की आम्हाला १९२७ चं महाड आठवतं. बाबासाहेबांनी तिथे मृतमांस सोडा म्हणून सांगितलं, ते पन्नास-साठ वर्षांनंतर. गावकीची कामं आणि सणातली ढोल-वाजवणी नाकारली म्हणून मादिगांवर बहिष्कार पडले, विहिरी बंद झाल्या. पोटच भरायचं होतं तर हा सौदा फारच तोट्याचा होता!

मग १८७६-७८ चा दुष्काळ आला. क्लाव यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक भाग ठेक्याने घेतला आणि हजारोंना मजुरी दिली. या काळात पुष्कळ लोक बाप्तिस्मा मागत होते. त्यांनी तो वर्षाहून अधिक काळ थांबवून ठेवला, कारण 'पोटासाठी' हा संशय त्यांच्याही मनात होता. मदतकार्य संपलं, मजुरी बंद झाली, आता मिशनकडून मिळण्यासारखं काही नाही हे सांगितलं गेलं. तरी लोक आले, मागे हटेनात. ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला, तोही तेलुगू धर्मसेवकांच्या हातून. दुष्काळाने गावं ओस पडली होती, घरटी माणसं गेली होती, जुन्या देवांनी हाक ऐकली नव्हती. अशा वेळी 'तूही देवाचं लेकरू आहेस' हे त्यांना कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं. भाकर संपल्यावर जे उरलं त्याला श्रद्धा नाही तर काय म्हणायचं?

आम्ही बुद्धाच्या मार्गाने चालणारे. देवाच्या लेकरांची भाषा आमची नाही. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या आणि दवाखान्यांच्या कामाची नोंद घेतली, पण चर्चमध्ये जात का टिकली आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध गप्प का, हेही रोखठोक विचारलं. दक्षिणेत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली. तो सवाल आजही चर्चच्या दारात उभा आहे. पण तो बिशपांना विचारायचा, मादिगा म्हातारीला नाही.

आणि सौद्याचाच हिशेब काढायचा तर १९५० चा अनुसूचित जाती आदेश काढा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंशिवाय इतरांना यादीबाहेर ठेवलं. शिखांना १९५६ मध्ये आत घेतलं, आपल्याला १९९० मध्ये. मधली चौतीस वर्षं केंद्राच्या सवलती नसतानाही आपले लोक बौद्ध राहिले, याचा आपल्याला अभिमान आहे. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा धर्माचा अडसर काढा म्हणून शिफारस केली, ती तशीच पडून आहे. कागदावर 'हिंदू' लिहिलं तर उद्या दाखला मिळेल हे माहीत असूनही ज्या घरांत अजून 'ख्रिस्ती' लिहिलं जातं, त्या घरांसमोर 'पोटासाठी' हा शब्द आमचा कोणता कार्यकर्ता उच्चारणार आहे?