बोगदे, तेल आणि 'सी'ची पुस्तकं

कर्निघन-रिची, टॅनेनबॉम, स्ट्राउस्ट्रप, 'ड्रॅगन बुक', रसेल-नॉर्विग आणि डिझाइन पॅटर्न्सवाली ती चौकडी. आयटीतल्या माणसाच्या शेल्फवर (किंवा पीडीएफच्या फोल्डरमध्ये, लाजू नका) यातलं एक तरी असतंच. यातली काही प्रेंटिस हॉलची, काही अॅडिसन-वेस्लीची. एके काळी या दोन अगदी वेगळ्या कंपन्या होत्या. 1998 पासून मात्र दोन्ही नावं एकाच मालकाची झाली: पिअरसन.

नावांचीच गंमत आधी सांगतो. अॅडिसन आणि वेस्ली नावाचे दोन भागीदार कधीच नव्हते. 1942 मध्ये लू अॅडिसन कमिंग्ज आणि मेलबर्न वेस्ली कमिंग्ज यांनी आपापली मधली नावं जोडून ही कंपनी काढली. पहिलं पुस्तक सिअर्सचं मेकॅनिक्स. हो, जेईईवाल्यांच्या 'सिअर्स-झेमान्स्की'मधले तेच सिअर्स. प्रेंटिस हॉल त्याहून जुनी, 1913 ची. न्यूयॉर्कमधला एक प्राध्यापक आणि त्याचा विद्यार्थी यांनी दोघांच्या आयांची माहेरची आडनावं घेऊन ती सुरू केली. आणि पिअरसन? ते तर पुस्तकवाले नव्हतेच. ते बांधकामवाले, म्हणजे सरळ भाषेत कॉन्ट्रॅक्टर.

1844 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात सॅम्युअल पिअरसनने बांधकामाचा धंदा सुरू केला. तो वाढवला नातवाने, वीटमन पिअरसनने. या माणसाच्या कामांची यादी बघितली की आपली 'प्रोजेक्ट एक्स्पीरियन्स'ची पानं फाडून टाकावीशी वाटतात. लंडनमध्ये थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा (1897). न्यूयॉर्कमध्ये ईस्ट रिव्हरखालून पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे चार बोगदे, ज्यातून आजही गाड्या धावतात. मेक्सिको सिटीचं पाणी बाहेर काढणारा महाकालवा, व्हेराक्रूझचं बंदर, मेक्सिकोच्या अरुंद कमरेतून दोन महासागर जोडणारी तेहुआंतेपेकची रेल्वे. हा गृहस्थ कोल्चेस्टरमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला होता, पण मतदारसंघापेक्षा मेक्सिकोतच जास्त असायचा, म्हणून लोक त्याला 'मेक्सिकोचा खासदार' म्हणायचे.

तेलाची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. 1901 मध्ये टेक्सासच्या सीमेवर लॅरेडोला त्याची पुढची गाडी चुकली, असं सांगतात. टेक्सासमध्येच स्पिंडलटॉपला नुकतंच तेल लागलं होतं आणि सगळ्या गावात तोच विषय. वीटमनने तिथल्या तिथे ठरवलं की मेक्सिकोत जमिनी घ्यायच्या. पुढची काही वर्षं नुसता पैसा आत ओतणं चाललं होतं. 1908 मध्ये दोस बोकासच्या विहिरीने पेट घेतला आणि ती कित्येक आठवडे जळत राहिली. 1910 मध्ये पोत्रेरो देल यानोची चौथी विहीर लागली आणि साहेब अतिश्रीमंत झाले. 1919 च्या सुमारास त्याने या तेल कंपनीचा ताबा शेलला विकला. 1938 मध्ये मेक्सिकोने सगळं तेल राष्ट्रीयीकृत केलं. म्हणजे बुडायची वेळ आली तेव्हा नाव दुसऱ्याची होती. योग्य वेळी विकून मोकळं होणं हा या कंपनीच्या रक्तातलाच गुण दिसतो, पुढेही दिसेल.

मग आलेला पैसा कुठे कुठे गेला? लाझार्ड बँकेत हिस्सा, जिल्ह्याजिल्ह्याची वर्तमानपत्रं, 1957 मध्ये फायनान्शियल टाइम्स आणि त्याच्यासोबत अर्धं इकॉनॉमिस्ट. साठीच्या दशकात फ्रान्समधली शातो लातूरची द्राक्षबाग. नंतर रॉयल डोल्टनची क्रोकरी आणि मादाम तुसाँचे मेणाचे पुतळेसुद्धा! जुन्या वाड्याच्या माळ्यावर कसं पितळी घंगाळापासून मोडक्या पाळण्यापर्यंत काहीही सापडतं, तसा हा ग्रुप होता. या अडगळीत 1968 मध्ये लाँगमन (स्थापना 1724!) आणि 1970 मध्ये पेंग्विन येऊन पडले. लाँगमनचा आपल्याशीही संबंध आहे. त्यांच्या इथल्या धंद्यातून 1948 मध्ये ओरिएंट लाँगमन झाली, ती 2008 पासून ओरिएंट ब्लॅकस्वान.

माळा आवरायचं काम केलं मार्जोरी स्कार्डिनो या टेक्सासच्या बाईंनी. 1997 मध्ये त्या सीईओ झाल्या, लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांतल्या पहिल्या महिला सीईओ. पुतळे विकले, बँकेतला हिस्सा विकला, आणि 1998 मध्ये व्हायकॉमकडून सायमन अँड शूस्टरचा शैक्षणिक विभाग घेतला, 4.6 अब्ज डॉलरला. प्रेंटिस हॉल आली ती यातून. अॅडिसन-वेस्ली 1988 पासून घरात होतीच. असं आपलं शेल्फ एका छत्राखाली आलं.

आता जरा धंद्याकडे बघू, कारण खरी मेख इथे आहे. अमेरिकेत पाठ्यपुस्तक निवडतो प्राध्यापक, आणि पैसे देतो विद्यार्थी. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखंच, किंमत बघून कोणी औषध बदलत नाही. त्यामुळे किमती वर्षानुवर्षं महागाईच्या पुढे धावत राहिल्या. प्रकाशकाचा शत्रू एकच, जुनं पुस्तक. अप्पा बळवंत चौकात घासाघीस केलेल्यांना हे समजवायला नको. उपाय काय, तर दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती. आतलं बरंचसं तेच, पण गणितांचे क्रमांक बदललेले, म्हणजे सीनियरचं पुस्तक बाद.

आणि तेच पुस्तक आपल्याकडे मात्र पातळ कागदावर, काहीशे रुपयांत, 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असा शिक्का मारून. मला हा शिक्का नेहमी थोडा अपमानास्पद वाटत आलाय, पण खरं सांगायचं तर त्याच किमतीमुळे माझ्यासारख्यांनी मूळ पुस्तकं वाचली. नाहीतर टेकमॅक्स, टेक्निकल आणि निराली यांच्यावरच डिग्री निघाली असती. हा दुहेरी भाव किती नाजूक होता ते एका थायलंडच्या पोराने दाखवून दिलं. सुपाप किर्तसेंग अमेरिकेत शिकत होता. घरच्यांकडून वायली या प्रकाशकाची स्वस्त थाई आवृत्तीतली पुस्तकं मागवायचा आणि तिथे विकायचा. वायलीने 2008 मध्ये केस केली, ज्युरीने 6 लाख डॉलरचा दंड ठोकला. शेवटी 2013 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 असा निकाल दिला: कायदेशीर विकत घेतलेलं पुस्तक, कुठेही छापलेलं असो, विकायचा हक्क घेणाऱ्याला आहे. मला हा निकाल मनापासून आवडतो.

प्रकाशकांना अर्थातच नाही आवडला. पुस्तक विकता येतं ना, मग पुस्तकच नको. गृहपाठ ऑनलाइन टाका आणि लॉगिनचा कोड विका. कोड एकदा वापरला की संपला! तरीही भाड्याने पुस्तकं मिळू लागली होती आणि अमेरिकेतली कॉलेजची गर्दीही ओसरत होती. जानेवारी 2017 मध्ये पिअरसनचा शेअर एका दिवसात 30 टक्क्यांच्या आसपास कोसळला. त्याआधीच 2015 मध्ये फायनान्शियल टाइम्स जपानच्या निक्केईला 84.4 कोटी पौंडांना गेला होता, इकॉनॉमिस्टमधला हिस्साही विकला होता. नंतर टप्प्याटप्प्याने पेंग्विनही गेलं. 2019 मध्ये तर त्यांनी जाहीरच केलं की अमेरिकेतली त्यांची 1500 पाठ्यपुस्तकं यापुढे 'आधी डिजिटल', दर तीन वर्षांच्या छापील आवृत्तीची पद्धत बंद. इथली गंमत म्हणजे बंगलोरची ट्यूटरव्हिस्टा. ती 2011 मध्ये पिअरसनने ताब्यात घेतली आणि 2017 मध्ये विकली. कोणाला? बायजूजला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा तोच मेक्सिकोचा गुण.

मग राहिलं काय? परीक्षा. 2000 मध्ये पिअरसनने एनसीएस ही उत्तरपत्रिका स्कॅन करून तपासणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली होती. तिच्यासोबत आली व्हीयूई. नाव ओळखीचं वाटतंय? सिस्को, एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेशनं देताना घड्याळ-पाकीट लॉकरमध्ये ठेवायला लावतात ना, तेच सेंटर. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी लोक देतात ती पीटीई हीसुद्धा यांचीच, 2009 पासून. तिथे तुमचं बोलणं मुख्यतः मशीनच तपासतं. 2024 मध्ये कंपनीची विक्री साडेतीन अब्ज पौंडांच्या घरात होती, आणि तिच्या पाच विभागांत सगळ्यात मोठा होता तो परीक्षांचाच.

परीक्षा बनवण्यात हे फार हुशार आहेत असंही नाही. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या आठवीच्या मुलांना यांच्या पेपरात एक उतारा आला: अननस सशाला शर्यतीचं आव्हान देतो, जागचा हलत नाही, आणि शेवटी प्राणी अननसच खाऊन टाकतात. प्रश्न: प्राण्यांनी अननस का खाल्ला? सगळ्यात शहाणा प्राणी कोण? इतका गदारोळ झाला की ते प्रश्न गुणांतून वगळावे लागले.

पण धंदा म्हणून परीक्षा पुस्तकापेक्षा कितीतरी पक्की. सीनियरचं सर्टिफिकेट सेकंडहँड घेता येत नाही, कुठला किर्तसेंग ते बॅगेत भरून आणत नाही. सिस्कोचं सर्टिफिकेट तीन वर्षांनी संपतं. एडब्ल्यूएसचंही तीनच. हा नियम पिअरसनचा नाही, सिस्को आणि अॅमेझॉनचा आहे. पण परत परीक्षा द्यायला जायचं कुठे, तर त्याच लॉकरवाल्या सेंटरवर.