‘अफर्मेटिव्ह’ या उत्तराचा अर्थ : काली, १९९५

२० डिसेंबर १९९५. अमेरिकन एअरलाइन्सचे ९६५ क्रमांकाचे बोइंग ७५७ मायामीहून कोलंबियातील काली शहराकडे निघाले होते. नाताळासाठी घरी परतणाऱ्यांनी विमान भरलेले होते आणि त्याला सुमारे दोन तासांचा उशीर झाला होता. काली एका लांब, दक्षिणोत्तर दरीत वसलेले आहे. दोन्ही बाजूंच्या डोंगरांची उंची १४,००० फुटांपर्यंत जाते. शिवाय त्या परिसरात तेव्हा रडार नव्हते. विमान नेमके कोठे आहे, हे नियंत्रकाला केवळ वैमानिकाच्या सांगण्यावरूनच कळणार होते.

रात्री साडेनऊच्या सुमारास नियंत्रकाने विमानाला काली बीकनपर्यंत येण्याची परवानगी दिली आणि वाटेतील तुलुआ बीकनवर पोहोचताच कळवण्यास सांगितले. त्याच्या मनात ठरलेला मार्गच होता : आधी तुलुआ, मग पुढचे टप्पे, शेवटी काली. कॅप्टनने संदेश परत वाचून दाखवताना मात्र त्यात एक शब्द अधिक घातला : ‘डायरेक्ट’. काली बीकनकडे थेट. नियंत्रकाने उत्तर दिले, ‘अफर्मेटिव्ह’.

संदेश परत वाचून दाखवण्याची पद्धत अशीच चूक पकडण्यासाठी आहे. येथे मात्र चुकीवरच होकाराची मोहोर उमटली. कॅप्टनने फ्लाइट कॉम्प्युटरला काली हेच पुढचे ठिकाण दिले आणि मधले सारे बिंदू, तुलुआसकट, पडद्यावरून पुसले गेले. नियंत्रक ज्या ठिकाणाची वाट पाहत होता, ते ठिकाण कॉकपिटमधल्या मार्गावर उरलेच नव्हते.

त्यानंतर नियंत्रकाने सद्भावनेने एक प्रस्ताव ठेवला. वारा शांत आहे. वळसा घेऊन दक्षिणेकडून येण्याऐवजी उत्तरेकडून सरळ १९ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरता येईल का? उशीर झालेल्या वैमानिकांनी तो स्वीकारला. आता उंची झपाट्याने कमी करायची, नवा नकाशा उघडायचा आणि संगणकात नवा मार्ग भरायचा, हे सारे काही मिनिटांत उरकायचे होते. कॅप्टनने विचारले, थेट रोझोला जाऊन मग ‘रोझो’ नावाचा आगमनमार्ग घेऊ का? हा प्रश्नच विसंगत होता, कारण तो मार्ग सुरू होतो तुलुआपाशी आणि रोझो बीकन त्याच्या अखेरीस, धावपट्टीजवळ आहे. उत्तर पुन्हा होकारार्थी आले आणि पाठोपाठ तीच सूचना : तुलुआ आल्यावर कळवा. तुलुआ तोवर मागे पडले होते किंवा पडत होते.

नकाशावर रोझोची खूण ‘आर’ होती. संगणकात ‘आर’ टाइप केल्यावर यादीत पहिले आले ते बोगोटाजवळचे, शंभराहून अधिक मैल दूर असलेले ‘रोमिओ’ बीकन. रोझो मिळवण्यासाठी त्याचे पूर्ण नाव टाइप करावे लागत असे. रात्रीच्या अंधारात विमान डावीकडे, पूर्वेच्या डोंगरांकडे वळले आणि उतरतच राहिले. चूक ध्यानात आल्यावर वैमानिकांनी उजवीकडे वळण घेतले, पण आता दरी आणि विमान यांच्यामध्ये डोंगर उभा होता. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तेव्हा सुमारे बारा सेकंद शिल्लक होते. इंजिनांना पूर्ण शक्ती दिली गेली. परंतु उतरताना उघडलेले स्पीडब्रेक तसेच उघडे राहिले. बुगा गावाजवळच्या डोंगरावर विमान आदळले. १६३ जणांपैकी केवळ चार वाचले.

कोलंबियाच्या चौकशीने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला. स्वतःचे स्थान निश्चित नसताना खाली उतरत राहणे हा त्यांचाच निर्णय होता, त्यामुळे तो ठपका योग्यच म्हणावा लागेल. पुढे २००० साली मायामीतील ज्यूरीने जबाबदारीचा ७५ टक्के वाटा विमान कंपनीवर आणि उरलेला नकाशे व संगणक पुरवणाऱ्या कंपन्यांवर टाकला.

परंतु त्या अहवालात सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग आहे तो नियंत्रकाच्या जबाबाचा. तुलुआविषयी विमानाकडून आलेली विचारणा त्याला निरर्थक वाटली होती. वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते, तर तुमचे म्हणणे तर्कसंगत नाही, असे आपण त्यांना सांगितले असते, असे तो म्हणाला. ते सांगण्याइतके इंग्रजी त्याच्यापाशी नव्हते. ठरावीक वाक्ये त्याला येत होती आणि ती त्याने नियमानुसार उच्चारली. शंका व्यक्त करण्यासाठी मात्र त्या वाक्यसंग्रहात जागाच नव्हती. वैमानिकांनाही आपल्या प्रत्येक प्रश्नाला होकार मिळत होता. पलीकडचा माणूस गोंधळला आहे, हे त्यांनी कशावरून ओळखावे?

वर्षही उलटले नव्हते तोच, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. तिथे प्रश्न मार्गाचा नसून उंचीचा होता, पण कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी पुन्हा चौकशीत पुढे आले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हा विषय हाती घेतला आणि मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी संबंधित वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी भाषाप्रावीण्याची किमान पातळी लागू झाली. या परीक्षेत ठरीव वाक्ये पाठ असून भागत नाही. अनपेक्षित प्रसंगी साध्या इंग्रजीत आपले म्हणणे मांडता येते का आणि गैरसमजाची शंका येताच समोरच्याला विचारून खात्री करून घेता येते का, हेही त्यात तपासले जाते.