आधी आड की आधी वाटसरू?

गेल्या वर्षीच्या भाऊबिजेची गोष्ट. माझी थोरली बहीण कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात असते. तिचा मुलगा पुण्यास नोकरीला. त्याने नुकतीच विजेवर चालणारी मोटार घेतली होती. "मामा, या खेपेस एस.टी.ने जायचं नाही, माझ्या गाडीतून चलायचं," असा त्याचा हट्ट. भाच्याचा हट्ट मोडवेना. निघालो. गाडीला आवाज नाही, धूर नाही. आपण पुढे चाललो आहोत की रस्ताच मागे सरतो आहे, हे कळू नये!

खंबाटकीचा घाट मागे पडला, आणि भाचा समोरच्या आकड्याकडे वरचेवर पाहू लागला. वाटेतले चार्जिंग स्टेशन त्याने फोनवर आधीच हेरून ठेवले होते. तेथे पोचलो, तो यंत्र उभे होते खरे, पण त्याचा पडदा काळा ठिक्कर. बटणे दाबून झाली, फलकावरच्या नंबराला फोन करून झाला. यंत्र ढिम्म! पुढचे स्टेशन वीस-पंचवीस किलोमीटरांवर होते. पण तेही असेच निघाले तर? भाच्याचा चेहरा उतरला. शेजारी चहाचे एक लहानसे हॉटेल होते. त्याचा मालक हे सारे पाहत होता. तो म्हणाला, "पाव्हणं, बसा निवांत. फ्रीजची पीन काढतो, तिथं लावा तुमची गाडी."

आम्ही दोन तास बसलो. इतक्यात बहिणीचा फोन आला, "कुठवर आलात? मी निरांजन लावून बसलेय." काय सांगणार?

त्या दोन तासांत एक प्रश्न माझ्या डोक्यात जो शिरला, तो वर्षभर काही बाहेर पडला नाही. गाडी कोणी शोधली, हे आपण मुलांना शिकवितो. पण गाडीला वाटेत घोटभर शिदोरी कोणी ठेवली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच येते. अहिल्याबाई होळकरांची थोरवी आपण गातो, ती त्यांनी वाटेवर विहिरी खोदल्या, घाट व धर्मशाळा बांधल्या म्हणूनही गातो. नुसता रस्ता म्हणजे प्रवास नव्हे. रस्त्यावर पाणी असावे लागते.

मोटारीच्या जन्मापासूनच हा प्रश्न आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही जर्मन बाई नवऱ्याने तयार केलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून माहेरच्या फॉर्त्सहाइम गावी निघाली. वाटेत इंधन संपत आले. पेट्रोलचा पंप तेव्हा जगात कोठेच नव्हता. तिने वीस्लोख गावी औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचे द्रव्य विकत घेतले. कपड्यांवरचे डाग काढावयास ते वापरीत. त्यावर मोटार पुढे चालली. म्हणजे जगातला पहिला पेट्रोलपंप एका औषधविक्याचा! आमचा हॉटेलवाला त्याचाच भाऊबंद म्हणावयाचा.

आता थोडा हिशेब, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. घरच्या जाड पिनेच्या सॉकेटातून तासाला सुमारे तीन युनिट वीज मिळते. एका युनिटात लहान मोटार सहा-सात किलोमीटर धावते. म्हणजे दोन तास बसलात, तर चाळीसेक किलोमीटरांची बेगमी झाली. पन्नास किलोवॉटचे जलद यंत्र हेच काम सात-आठ मिनिटांत करते. भेद असा, की तारेतून येणारी वीज उलटसुलट वाहणारी, ए.सी.; बॅटरीला हवी ती एकाच दिशेने वाहणारी, डी.सी. घरी हा पालट गाडीतले छोटे यंत्र करते, म्हणून वेळ लागतो. रस्त्यावरचे ते कपाटाएवढे धूड हा पालट बाहेरच करते आणि तयार डी.सी. वीज बॅटरीत ओतते. मात्र बॅटरी ऐंशी टक्के भरली, की ओघ मंदावतो. शाळा भरताना पहिली मुले धावत येऊन बाकावर बसतात आणि शेवटच्या चौघांना जागा शोधीत फिरावे लागते, तसेच हे आहे.

अशा जलद यंत्रांचे पद्धतशीर प्रयोग जपानमध्ये झाले. टोकियोच्या वीज कंपनीने आपल्या नोकरांना विजेच्या गाड्या दिल्या. पण ते लोक गाडी फार दूर नेईनात. अर्धी बॅटरी शिल्लक असतानाच परत येत. मग कंपनीने त्यांच्या वाटेवर जलद चार्जिंगचे यंत्र उभे केले. गंमत अशी, की ते यंत्र लोकांनी फारसे वापरलेच नाही. पण आता ते लांबवर जाऊ लागले आणि बॅटरी बरीच रिकामी करून परतू लागले! वाटेत विहीर आहे एवढ्या भरवशावर माणूस न पिताही चार कोस अधिक चालतो. नॉर्वेच्या भाषेत या धास्तीला 'रेक्केविद्देआंग्स्ट' असा भलाथोरला शब्द आहे. आपण तिला पल्ल्याची धास्ती म्हणू. यंत्रातून वीज मिळते ती मिळते. त्याआधी धीर मिळतो.

पुढे २०१० साली त्या वीज कंपनीने निसान, मित्सुबिशी आदी कारखानदारांसह एक संघ काढला आणि जलद चार्जिंगच्या आपल्या पद्धतीला 'चाडेमो' असे नाव दिले. त्यात एक जपानी कोटी आहे. 'चहा तरी घेणार का?' अशा अर्थाच्या बोलण्याचा त्यात ध्वनी येतो. चहा होईतो गाडी भरेल, हा त्यातला भाव. त्या दुपारी हे मला ठाऊक असते, तर मी हॉटेलवाल्याला अवश्य सांगितले असते!

पण हे जाळे साऱ्या देशभर पसरून दाखविले ते नॉर्वेने, आणि तेही निसर्ग उलटा असताना. डोंगर, समुद्राच्या आत घुसलेल्या खाड्या, विरळ वस्ती, आणि थंडी अशी, की तीत बॅटरी आखडते, पल्ला घटतो व भरावयासही वेळ अधिक लागतो. अनुकूल एवढेच, की तेथली बहुतेक वीज पाण्यापासून होते.

कथेचा आरंभ मोठा मौजेचा आहे. १९८९ साली 'आ-हा' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा गायक मॉर्टन हार्केट आणि पर्यावरणासाठी झगडणारा फ्रेडरिक हौगे यांनी विजेवर चालणारी केलेली एक फियाट पांडा गाडी स्वित्झर्लंडहून देशात आणली आणि टोल न भरता नाक्यांवरून नेण्यास सुरुवात केली. 'धूर न करणाऱ्या गाडीला टोल कशाचा?' असा त्यांचा सवाल. दंड साचला. सरकारने गाडी जप्त करून लिलावात काढली, तेव्हा याच मंडळींनी ती परत विकत घेतली आणि पुन्हा नाक्याकडे वळवली. लोक हसले, वर्तमानपत्रांनी मथळे दिले, आणि हळूहळू सरकारही वळले. १९९० साली आयातीचा कर उठला. १९९७ साली टोल माफ झाला. २००१ साली विक्रीवरचा कर गेला. २००५ साली बसगाड्यांच्या राखीव मार्गावरून जाण्याची मुभा देशभर मिळाली. त्या काळी तेथे धावणाऱ्या मोजक्या गाड्यांत आपल्या बंगळूरची चिमुकली रेवाही होती. हीच रेवा कंपनी २०१० साली मुंबईच्या महिंद्रांच्या हाती आली.

एवढ्या सवलती मिळूनही गाड्या शहराबाहेर पडत नव्हत्या. कारण तोच जुना पेच. गाड्या नाहीत, म्हणून चार्जिंग स्टेशन काढणाऱ्याचा धंदा चालत नाही. स्टेशने नाहीत, म्हणून कोणी गाडी घेत नाही. आधी आड की आधी वाटसरू?

नॉर्वेने उत्तर दिले, आधी आड. २००९ साली सरकारने पन्नास दशलक्ष क्रोनर साध्या, सावकाश चार्जिंगच्या जागांसाठी बाजूला काढले. मग २०१५ साली 'एनोव्हा' या सरकारी संस्थेने नकाशा पुढे घेतला आणि सुमारे साडेसात हजार किलोमीटरांच्या मुख्य रस्त्यांवर दर पन्नास किलोमीटरांना निदान दोन जलद यंत्रे असावीत, असा निर्धार केला. यंत्रे सरकारने स्वतः बांधली नाहीत. जो कंपनीवाला कमीत कमी मदत मागेल, त्याला तो टप्पा द्यावयाचा, अशी रीत ठेवली. शिवाय अट अशी, की जपानी चाडेमो आणि युरोप-अमेरिकेची 'कॉम्बो', दोन्ही पद्धतींच्या नळ्या तेथे हव्यात. नाहीतर विहिरीला पाणी आहे आणि पोहरा बसत नाही, अशी गत! त्याआधी २०१३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने युरोपातली आपली पहिली सहा जलद स्टेशने याच देशात उघडली होती. पण ती आपल्याच गाड्यांसाठी. खाजगी आड आणि गावचा आड यांतला भेद तेथेही होताच.

सारेच सुरळीत झाले, असे मात्र समजू नये. उत्तर टोकाचा फिनमार्क प्रांत घ्या. तेथे अंतरे अफाट, माणसे थोडी. सरकार मदत देत असूनही कित्येक टप्प्यांसाठी कोणी पुढेच आले नाही. नफा दिसेना, म्हणून गाव कोरडे राहिले. अधिक मदत देऊन ते काम पुढे न्यावे लागले, पण दक्षिणेच्या मागून. सुट्टीच्या दिवसांत डोंगरातल्या घरांकडे जाणाऱ्यांच्या रांगा लागत. शिवाय प्रत्येक कंपनीचे निराळे कार्ड आणि निराळे अॅप, त्यामुळे वडीलधाऱ्यांचे हाल होत. सवलतींचा मोठा वाटा महागडी गाडी घेऊ शकणाऱ्यांच्या पदरी पडला, ही टीकाही झाली, आणि ती खोटी नाही. म्हणून पुढे टोल अंशतः परत आला, आणि २०२३ पासून पाच लक्ष क्रोनरांवरच्या किमतीला कर लागू झाला. आणखी एक विसंगती सांगितली पाहिजे. १९६९ साली समुद्रात तेल सापडून हा देश श्रीमंत झाला. आज तो तेल जगाला विकतो आणि स्वतः विजेवर फिरतो. दिव्याखालचा हा अंधार तेथले लोकही जाणतात.

तरी फळ डोळ्यांत भरण्याजोगे आहे. विजेच्या गाड्यांना तेथे 'ई-एल' अक्षरांच्या पाट्या देत. त्या अक्षरांचे पाच आकडी क्रमांक संपले आणि नवी अक्षरे काढावी लागली. २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेवरच्या होत्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रस्त्यावरच्या विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींना ओलांडून गेली. डिझेलच्या गाड्या तेव्हाही सर्वांत अधिक होत्या, हे खरे. जुने एका रात्रीत जात नाही.

आपल्याकडे काय? एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने खुलासा केला, की गाडी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती सेवा आहे. त्यासाठी परवाना नको. हा कागद लहान, पण त्याने दार उघडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नियम आले: शहरांत तीन किलोमीटरांच्या चौकोनात निदान एक स्टेशन, महामार्गावर दोन्ही बाजूंना दर पंचवीस किलोमीटरांना एक. म्हणजे तेव्हा कागदावर आपला टप्पा नॉर्वेच्या निम्मा होता! २०२५ च्या धोरणाने महाराष्ट्राने पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली. ज्या टोलावरून त्या गायकाची गाडी लिलावात गेली, तो टोल येथे कोणी न भांडताच माफ झाला.

परंतु वाचकहो, दर पंचवीस किलोमीटरांना यंत्र उभे असणे निराळे आणि ते चालू असणे निराळे. युरोपीय संघाने २०२३ साली जो कायदा केला, त्यात मुख्य मार्गांवर दर साठ किलोमीटरांना जलद स्टेशने हवीत, हे तर आहेच. पण नव्या जलद यंत्रावर साध्या बँकेच्या कार्डाने पैसे देता आले पाहिजेत, हेही आहे. म्हणजे वाटसरूने कोणाचे सभासद न होता पाणी प्यावे. आड खोदल्याचा समारंभ होतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. आडाचा गाळ काढण्याचा समारंभ कोणी करीत नाही. फिनमार्कच्या कोरड्या टप्प्याला नफा नव्हता. आमच्या वाटेवरच्या त्या काळ्या पडद्याला धनी नव्हता. वाटसरूच्या लेखी दोन्ही सारखेच.

आम्ही बहिणीच्या घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. हॉटेलवाल्याने चहाचे पैसे घेतले, विजेचे घेईना. भाच्याने ते बळेच त्याच्या गल्ल्याशेजारी ठेवले. ओसरीवर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि निरांजन तेवत होते. "अगं, अजून जळतंय?" मी म्हणालो.

"जळतंय कसलं! तिसऱ्यांदा तूप घातलंय," अक्का म्हणाली, आणि तिने ओवाळावयास तबक उचलले.

यंत्र आणून उभे करणे म्हणजे निरांजन आणून ठेवणे. वाटसरू येईतो त्यात तूप घालीत राहणे, हे निराळे काम आहे. आणि सगळी वाट त्यावरच चालते.