पस्तीसच का? रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींचा मोठा इतिहास (थ्रेड)

रणगाड्यांच्या प्लॅस्टिक किटच्या खोक्यावर बहुधा १:३५ हे प्रमाण छापलेले असते. फूट-इंचांच्या हिशेबात ४८ किंवा ७२ सोयीचे, दशमान पद्धतीत ५० किंवा १००. पस्तीस मात्र कुठल्याच कोष्टकात नीट बसत नाही. या आकड्याचे मूळ युद्धशास्त्रात नसून एका खेळण्याच्या पोटात आहे.

जपानमधील शिझुओका येथील तामिया ही कंपनी मुळात लाकूडव्यवसायातली. पुढे ती लाकडी मॉडेल विकू लागली. १९६० साली तिने ‘यामातो’ या युद्धनौकेचे पहिले प्लॅस्टिक किट काढले. परंतु प्रतिस्पर्ध्याने तेच जहाज स्वस्तात विकले आणि तामियाचा हिशेब कोलमडला. त्यानंतर शुन्साकु तामिया यांनी जर्मनीचा ‘पँथर’ रणगाडा निवडला. १९६१चे हे किट मोटारीवर धावणारे होते. आत मोटार आणि दोन बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्याच अटीवर त्याचा आकार ठरला. किट धडाक्याने खपले. नंतर माप घेतले, तेव्हा ते मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढे भरले! पुढचे रणगाडे त्याच मापाने निघाले आणि कालांतराने इतर कंपन्यांनीही तेच प्रमाण उचलले.

मोटारी गेल्या, माप उरले. आणि त्याच मापात हौशी मंडळींनी बारकावे शोधायला सुरुवात केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे ते इथे.

पँथरच्या अंगावरचा ‘झिमरिट’ हा लेप पाहा. लोखंडाला चिकटणारे चुंबकी सुरुंग जर्मन सैन्याकडे होते. शत्रूही तेच वापरील, या धास्तीने १९४३च्या उत्तरार्धापासून रणगाड्यांवर हा खरबरीत, रेघारेघांचा लेप चढवला जाऊ लागला. शत्रूने तसे सुरुंग फारसे वापरलेच नाहीत. उलट, गोळा लागताच लेप पेट घेतो अशी वदंता उठली आणि सप्टेंबर १९४४मध्ये तो थांबवण्यात आला. स्वतःच्याच शस्त्राच्या भीतीने वर्षभर चाललेला हा खटाटोप.

प्रतिकृती करणारा हा लेप पुट्टी थापून, तिच्यात बारीक पात्याने रेघा ओढून तयार करतो. मूळ लेप जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. १:३५मध्ये तो एक-दशांश मिलिमीटरच्या आसपास येतो. त्यामुळे बहुतेक प्रतिकृतींवर तो प्रमाणाबाहेर जाड दिसतो. त्याहून गंभीर चूक तारखेची. डिसेंबर १९४४च्या आर्देन्सच्या लढाईत जुने, लेप असलेले पँथर दिसू शकतात. पण त्या नोव्हेंबरात कारखान्यातून निघालेल्या पँथरवर तो चढवणे म्हणजे कालविपर्यास.

रंगाबाबत मात्र हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही. फेब्रुवारी १९४३पासून गडद पिवळा हा मूळ रंग ठरला. हिरवा आणि तांबूस-तपकिरी रंग लगद्याच्या रूपात तुकड्यांना मिळे. तो कुणी पेट्रोलमध्ये कालवी, कुणी पाण्यात. छटा त्यानुसार बदले, आणि तत्कालीन छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल. ‘अचूक छटे’वरून चालणारे वाद म्हणूनच बरेचसे निष्फळ.

आणि गंज! अनेक कुशल कारागीरही प्रतिकृतीला भंगारातल्या लोखंडाची कळा आणतात. जुलै १९४३मध्ये कुर्स्कच्या रणांगणात पँथर प्रथम उतरला. सुमारे २०० नवे रणगाडे होते. यांत्रिक बिघाड, सुरुंग आणि सोव्हिएत तोफा यांमुळे आठवडाभरातच त्यांतले बहुसंख्य लढण्यायोग्य उरले नाहीत. त्या पँथरवर झिमरिट नव्हते, आणि चिलखत गंजायला सवडही मिळाली नव्हती. तापणाऱ्या धूरनळ्यांवर थोडा तांबूसपणा, पट्ट्यांवर घासलेले लोखंड, बाकी अंगभर उन्हाळ्यातली धूळ, एवढेच त्या प्रतिकृतीला शोभते.