समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या सुलतानपूरच्या पोरांना समुद्रात पीएचडी करता येते का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सुलतानपूर आहे. इथल्या एखाद्या बीएस्सीवाल्याने घरी सांगितलं की, "मला माशांवर पीएचडी करायचीय," तर पहिला प्रश्न येणार, "इथं समुद्र कुठाय?"

प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर शेजारीच आहे.

लोणारचं पाणी

लोणार सरोवराचं पाणी खारं आणि प्रचंड अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि यामागे मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. असे जीव ओळखायला त्यांचा डीएनए वाचावा लागतो. हेच जीनोमिक्स.

जिल्ह्यात दुसरं उदाहरणही आहे. शेगाव, संग्रामपूर हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. हरियाणात रोहतकजवळ अशाच खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवण्याचं संशोधन झालंय. अशा पाण्यात पोटॅशियम कमी असतं, ते वरून घालावं लागतं.

पीएचडी कुठे करता येते?

रोहतकचं केंद्र ज्या संस्थेचं आहे, ती मुंबईत वर्सोव्याला आहे. केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था म्हणजे सीआयएफई. १९६१ मध्ये सुरू झाली, १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. इथे मत्स्यसंवर्धनापासून मत्स्य जैवतंत्रज्ञानापर्यंत पीएचडी होते.

विदर्भातच राहायचं असेल तर नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. समुद्री जीवशास्त्रासाठी गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कोचीच्या सीएमएफआरआयने तर २०२३ मध्ये तारली माशाचा संपूर्ण जीनोम वाचल्याचं जाहीर केलं.

प्रवेश कसा मिळतो?

दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली, सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय लाइफ सायन्सेस. झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेकची एमएस्सी असेल तर ही वाट सोयीची. यात जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार रुपये, नंतर ४२ हजार आणि वर घरभाडं भत्ता.

दुसरी, आयसीएआरची पीएचडी प्रवेश परीक्षा. सीआयएफईसाठी हीच लागते. कोणत्या विषयाला कोणती पदव्युत्तर पदवी चालते, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी बघा. अनेकांची गाडी इथेच अडते, कारण एमएस्सी झाल्यावर कळतं की हव्या त्या विषयाला एमएफएस्सी लागत होती.

पैशांचं काय?

जेआरएफ नाही मिळाली तरी दार बंद होत नाही. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, तर ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्था संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. मात्र जागा मर्यादित असतात आणि दरवर्षीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं.

आत्ता काय करायचं?

बीएस्सीला असाल तर एमएस्सी की एमएफएस्सी, हे आत्ताच ठरवा. एमएस्सीला असाल तर प्रबंधासाठी लोणारसारखा जवळचा विषय घेता येतो का, ते गाईडला विचारा. मुलाखतीत, "हाच विषय का?" असं विचारलं की सांगायला गावाजवळचं सरोवर असेल.

पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात, साधारण मर्यादा ६ वर्षांची आहे. घरच्यांशी बोलताना हा आकडाही सांगा.