स्पाला चौथा आलेला माणूस

२०२५ च्या मार्चमध्ये रेड बुलने लिआम लॉसनला फक्त दोन रेसनंतर गाडीतून उतरवलं आणि धाकट्या टीमकडे परत पाठवलं. आमच्या ऑफिसच्या फॉर्म्युला वन ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा. "दोन रेस? अरे, आमच्याकडे प्रोबेशनसुद्धा सहा महिन्यांचं असतं!" वगैरे वगैरे. मी गप्प होतो, पण डोक्यात सारखा एकच माणूस येत होता. रॉबर्तो मोरेनो. ग्रुपवर हे नाव टाकलं असतं तर दहातल्या नऊ जणांनी "कोण?" असंच विचारलं असतं. म्हणून आज जरा त्याच्याविषयी.

गोष्ट १९९१ च्या ऑगस्टमधली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे हे सगळं वाचून आणि जुन्या रेस यूट्यूबवर बघून गोळा केलेलं. मायकेल शूमाकरच्या चाहत्यांना पहिला अर्धा भाग पाठ असतो. जॉर्डन टीमचा ड्रायव्हर बर्ट्रांड गाशो लंडनमध्ये एका टॅक्सीवाल्याशी भांडला आणि त्याच्या तोंडावर गॅसचा स्प्रे मारला. भांडण १९९० च्या डिसेंबरातलं, शिक्षा झाली ऑगस्ट १९९१ मध्ये: अठरा महिने! (प्रत्यक्षात तो दोनेक महिन्यांत सुटला.) हाच गाशो जूनमध्ये ल मान्सची २४ तासांची रेस जिंकला होता आणि नुकत्याच झालेल्या हंगेरीच्या रेसमधला सगळ्यात वेगवान लॅप त्याचा होता. पण तुरुंगातून गाडी कशी चालवणार?

मर्सिडीजने पैसे मोजले आणि गाशोच्या जागी २२ वर्षांचा शूमाकर बसला. सर्किट बेल्जियममधलं स्पा, जवळजवळ सात किलोमीटरचं, भयंकर अवघड. त्याच्या मॅनेजरने जॉर्डनला सांगितलं होतं की पोराला हा ट्रॅक ठाऊक आहे. पोरगा तिथे कधी रेसच लढला नव्हता! त्याने घडीच्या सायकलवरून ट्रॅकला चक्कर मारली आणि क्वालिफायिंगमध्ये सातवा आला. रविवारी पहिल्याच लॅपमध्ये क्लच गेला आणि खेळ खलास. पण जे बघायचं ते सगळ्यांनी बघून घेतलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. आता त्याच रविवारचा निकाल वर उघडून बघा. पहिला सेना, दुसरा बर्गर, तिसरा पिके. चौथा बेनेटनचा रॉबर्तो मोरेनो, आणि रेसमधला सगळ्यात वेगवान लॅपसुद्धा त्याचाच. दोन आठवड्यांनी मॉंझाची रेस होती. त्या आठवड्यात बेनेटनने कामावरून काढलं ते मोरेनोला. त्याची जागा शूमाकरला!

म्हणजे आदल्या रेसमध्ये चौथा नंबर आणि फास्टेस्ट लॅप, आणि पुढच्या रेसआधी नारळ. आमच्याकडे अप्रेजलमध्ये हे कोणत्या खान्यात बसवतात ते एचआरला विचारायला हवं. शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त नाही असं कारण पुढे केलं गेलं, हे मोरेनोने नंतर सांगितलं आहे. खरं कारण सरळ होतं. जास्त चांगला माणूस बाजारात दिसला होता.

जॉर्डनही हात चोळत बसली. त्यांच्याकडे शूमाकरच्या बाजूने सही केलेलं पत्र होतं. पण, जॉर्डनवाले सांगतात त्याप्रमाणे, त्या पत्रात 'द ॲग्रीमेंट' चं 'ॲन ॲग्रीमेंट' करून घेतलं होतं. म्हणजे "तुम्ही दिलेला करार" सही करू असं नाही, "कुठलातरी करार" सही करू! मराठीत आर्टिकल नसतात त्यामुळे आपल्याला शाळेत त्यांचा भारी कंटाळा, पण इथे एका आर्टिकलने पुढचा सात वेळचा विश्वविजेता या टीमचा त्या टीमला गेला. प्रॉडक्शनमध्ये एका सेमीकोलनने काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना समजेल.

मोरेनो कोर्टात गेला. मिलानच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मग लेक कोमोच्या काठावरच्या आलिशान हॉटेलात रात्रभर वाटाघाटी झाल्या आणि शेवटी त्याने नुकसानभरपाई घेऊन सीट सोडली. बसला कुठे? शूमाकरने रिकाम्या केलेल्या जॉर्डनमध्ये. तिथे दोन रेस, मग ती सीटही झानार्दीला गेली. मॉंझाला शूमाकर पाचवा आला, त्याच्यामागे सहावा नेल्सन पिके. पिके म्हणजे तीन वेळचा विश्वविजेता आणि मोरेनोचा ब्राझिलियातल्या पोरवयापासूनचा दोस्त.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती याच्या आधीची गोष्ट. मोरेनो बेनेटनमध्ये आला कसा? १९९० च्या ऑक्टोबरमध्ये त्या टीमच्या अलेस्सांद्रो नानिनीचा हेलिकॉप्टरला अपघात झाला. उजवा हात कोपराखालून तुटला. सर्जननी तो परत जोडला, पण त्याची फॉर्म्युला वन संपली. ती सीट मोरेनोला मिळाली. त्याआधी तो ज्या टीममध्ये होता तिची गाडी बहुतेक वेळा रेसला पात्रच व्हायची नाही. नऊ दिवसांनी जपानमध्ये सेना आणि प्रॉस्ट पहिल्याच वळणावर एकमेकांना धडकून बाहेर गेले, पिके पहिला आला आणि मोरेनो दुसरा. त्या दिवशी तो ढसाढसा रडला. दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर बसूनच तो तिथे पोचला होता.

हे वाचताना मला थोडं अवघडायला होतं, कारण मीही असाच एकाच्या जागेवर बसलोय. तीन वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टमध्ये मी एका सीनियरचा 'शॅडो' होतो. काम उत्तम करायचा तो, रिलीज वेळेवर जायचे. एका सोमवारी कळलं की शुक्रवारनंतर त्याचं काम मी बघणार. चार दिवस त्याने मला केटी दिली. एकही पासवर्ड, एकही खाचखळगा लपवला नाही. मी विचारायला हवं होतं, "तुझं पुढे काय?" नाही विचारलं. भीती वाटली की काय, कोण जाणे. वहीत मात्र सगळं व्यवस्थित उतरवून घेतलं.

असो. शूमाकरने काही चूक केली असं मला वाटत नाही. बावीसाव्या वर्षी समोर आलेली सीट कोण सोडतो? पुढच्याच वर्षी स्पालाच तो बेनेटनमधून पहिली रेस जिंकला, म्हणजे टीमचा हिशेबही चुकला नव्हता. तोच तर त्रास आहे. निर्णय चुकला असता तर मोरेनोची बाजू घेणं सोपं होतं.

आणि मोरेनो? १९९२ मध्ये आंद्रेआ मोडा नावाच्या एका हास्यास्पद टीममध्ये गेला. ती गाडी फक्त एकदाच रेसला पात्र झाली, मोनॅकोला, आणि चालवत होता हाच. मग अमेरिकेत गेला. तिथे कुणी जखमी झालं की टीम त्याला फोन करायच्या. लोक त्याला 'सुपर सब' म्हणायला लागले. बदली खेळाडू! शेवटी पॅट्रिक रेसिंगने त्याला स्वतःची अशी सीट दिली, आणि २००० साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, क्लीव्हलंडच्या विमानतळाच्या धावपट्टीवर भरणारी रेस तो जिंकला. त्या मालिकेतला पहिला विजय. यूट्यूबवर शोधा. तेव्हाही रडतोय.