खोपोलीचं पाणी उतरतं, आमचा चिलर चढतो

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या खोपोलीच्या घरी टाकीतले अकरा श्रिंप मेले. लाल-पांढरे, नखाएवढे. आई त्यांना ‘तुझी कोळंबी’ म्हणते. त्यांना पाणी चोवीस अंशांच्या आसपास लागतं आणि बाहेर पारा चाळिशीला. चिलर दिवसभर घरघरत होता, तरी पाणी गरमच. चूक माझीच. तो मी टाकीखालच्या बंद कपाटात ठेवला होता.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये माशांची टाकी कशाला? थांबा, उत्तर आमच्या घाटातच आहे.

डोंगरावरून खोपोलीत उतरणारे जाड पाइप तुम्ही पाहिले असतील. ही योजना जमशेदजी टाटांच्या डोक्यातली. ते 1904 मध्ये गेले, काम त्यांच्या मागच्यांनी पुरं केलं. 8 फेब्रुवारी 1915 रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी इथली वीज सुरू केली. लोणावळा, वळवण आणि शिरवता तलावांचं पाणी सुमारे 525 मीटर खाली येतं, पेल्टन चाकं फिरवतं आणि पाताळगंगेत जातं. त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. पुढे 1922 मध्ये शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं.

हिशोब साधा आहे. उंची जास्त, तर तेवढ्याच पाण्यातून वीज जास्त.

1824 मध्ये फ्रान्समधल्या सादी कार्नो नावाच्या 28 वर्षांच्या इंजिनिअरने उष्णतेची तुलना अशाच पडणाऱ्या पाण्याशी केली. पाणी वरून खाली येतं, उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, आणि दोन्हींतून काम काढता येतं. चिलर याच्या उलट. टाकीतली उष्णता उपसून तो गरम हवेत चढवतो. म्हणजे तो पंप झाला. आणि पंपाला चढ जितका कमी, तितकी वीज कमी.

कपाटात तो स्वतःचीच गरम हवा परत ओढत होता. डोंगर मीच वाढवून ठेवला होता! समजा, आतला गॅस 15 अंशांवर उष्णता घेतो आणि 60 वर सोडतो. चढ 45 अंशांचा. 60 चे 50 केले की चढ 35. कार्नोच्या सूत्राने एक युनिट विजेत जास्तीत जास्त 6.4 युनिट उष्णता उचलता येते, ती होते 8.2. खरं मशीन याच्या बरंच खाली राहतं, पण दिशा तीच.

मग प्लग काढला. गॅसच्या नळ्यांना हात लावला नाही. चिलर सावलीतल्या गॅलरीत, भिंतीपासून हातभर लांब ठेवला. जाळीतली धूळ मऊ ब्रशने झाडली. पाण्याच्या नळ्यांवर फोम चढवला. सेटिंग 22 वरून 24 केलं. आता कॉम्प्रेसर मधेमधे विसावतो, आणि टाकीत नवी पिल्लं दिसतायत.

बिलाचं सोडा. याच घाटमाथ्यावर मुळशीला, मुंबईच्या विजेसाठी धरणाखाली जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये शेतकरी सेनापती बापटांसोबत सत्याग्रहाला बसले. धरण झालंच. प्लगमागे कुणाचं तरी खोरं असतं. ती वीज बंद कपाटात फुंकून टाकायची मला आता लाज वाटते.

तुमचा फ्रिज भिंतीला चिकटलाय का? आज जरा पुढे ओढा. भेटूया पुढच्या भागात!